दीड मिलिमीटर नख

नखं वाढवावी लागतील, असं गिटारच्या मास्तरांनी सांगितलं तेव्हा बाईंना पहिला संशय आला तो मास्तरांच्या शिक्षणाचा.

"किती?" बाईंनी विचारलं.

"थोडीशी, काकू. उजव्या हाताची. करंगळी सोडून."

"थोडीशी म्हणजे किती?"

मास्तर जेमतेम पंचविशीचे. झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत शिकवायचे. आजवर आलेल्या शिष्यांनी त्यांना बरंच काही विचारलं होतं, पण नखाची लांबी कुणी विचारली नव्हती. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "दीड मिलिमीटर."

"मुळापासून की बोटाच्या टोकापासून?"

"टोकापासून," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली गेला होता.

बाईंनी आकडा वहीत लिहून घेतला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. पुढचं सगळं रामायण त्या दोन रेघांतून निघालं.

तसं पाहिलं तर दीड मिलिमीटर नख म्हणजे काही जगबुडी नव्हे. पण बाई होत्या डोळ्यांत घालायच्या औषधाच्या कारखान्यात, जंतुविभागाच्या प्रमुख. निर्जंतुक खोलीच्या दाराशी रोज सकाळी आठ वाजता उभं राहायचं आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचे हात उलटेसुलटे करून बघायचे, हे त्यांचं एकोणीस वर्षांचं काम. बोटाच्या पुढे नखाची पांढरी कड दिसली की माणूस परत. दाराशी साखळीला बांधलेलं नेलकटर होतं. तिथेच, साक्षीदारासमोर, नखं कापायची, रजिस्टरात नोंद करायची, मग आत. माघारी सगळे त्यांना नखबाई म्हणत. हे बाईंना ठाऊक होतं आणि त्यात त्यांना वावगं काही वाटत नव्हतं. माणसाला कामावरून नाव पडावं, नाकावरून पडू नये, असं त्यांचं मत होतं.

आता, नखबाईंची नखं कोण तपासतं, हा प्रश्न एकोणीस वर्षांत कुणालाच पडला नव्हता. बाईंनाही नाही. तो त्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानाचा जिना उतरताना पहिल्यांदा पडला.

गिटार मुलीचं. तिनं हट्टानं घेतलं, अकरा दिवस वाजवलं आणि कपाटामागे उभं करून शिकायला परगावी निघून गेली. केर काढताना दर आठवड्याला बाईंचा झाडू त्याला लागायचा आणि आतून 'बोंऽ' असा आवाज यायचा. आवाज येतो आहे आणि तो का येतो हे आपल्याला माहीत नाही, ही स्थिती बाईंना सहन होण्यासारखी नव्हती. "शिकावं म्हणते," असं त्यांनी मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा ती हसली.

"आई, तू नको त्या भानगडीत पडूस. तुला चुका चालत नाहीत. गिटारात पहिले सहा महिने चुकाच असतात."

मुलीचं बोलणं बाईंना लागलं. आपल्याला चुका चालत नाहीत हे खरंच होतं. पण ते कुणी दोष म्हणून सांगेल अशी त्यांना कल्पना नव्हती. इतकी वर्षं त्या तो गुण समजत होत्या.

मास्तरांनी एका कागदावर उभ्या रेघा मारून सोळा घरांची एक लहानशी धून लिहून दिली. अंगठ्यानं वरच्या जाड तारा आळीपाळीनं छेडायच्या, आणि त्याच वेळी पहिलं, मधलं आणि अनामिका या तीन बोटांनी खालच्या बारीक तारांवर सूर काढायचे. "अंगठा म्हणजे पाय समजा, काकू," मास्तर म्हणाले, "आणि बोटं म्हणजे तोंड. तोंड काहीही बोलो, पाय चालत राहिले पाहिजेत."

बाईंचे पाय चालायचे. तोंडही बोलायचं. पण अकराव्या घरात डाव्या हाताची दोन बोटं उचलून दुसऱ्या तारांवर न्यायची होती. तिथे डावं बोट चुकायचं, ते बघायला उजवा अंगठा थांबायचा, आणि पायच थांबल्यावर तोंडानं काय बोलावं. मग बाई पहिल्या घरापासून सुरुवात करायच्या. प्रयोगशाळेची शिस्तच तशी. नमुना बिघडला की ठिगळ लावायचं नाही, फेकून द्यायचा आणि नवा घ्यायचा. दीड महिन्यात बाईंनी पहिली दहा घरं काही शे वेळा वाजवली आणि बारावं एकदाही नाही.

"एक विचारू का?" शेजारच्या वहिनी एकदा जिन्यात म्हणाल्या. "त्याच्यापुढे काय होतं हो?"

"कशाच्या पुढे?"

"तुम्ही रोज वाजवता त्याच्या. आमच्याकडे भिंतीतून सगळं ऐकू येतं. हे तर जेवायचे थांबतात. आता पुढचं येणार, आता येणार, की तुम्ही परत पहिल्यापासून. मालिका बरी, निदान दुसऱ्या दिवशी तरी पुढे सरकते."

बाईंनी त्या दिवसापासून भिंतीला गादी उभी करून ठेवली. वहिनींनी दुसऱ्या दिवशी येऊन तब्येतीची चौकशी केली. पलंगावरची गादी काढून भिंतीला लावलेली, म्हणजे पाठीचं दुखणं असणार, असा त्यांचा कयास होता. जाता जाता त्यांची नजर बाईंच्या हातावर गेली. "अगंबाई, एकाच हाताची वाढवलीत? दुसऱ्याची वाढत नाहीत का? कॅल्शियम बघा बाई तुमचं."

कॅल्शियमपर्यंत ठीक होतं. नवऱ्याचा संशय जास्त खोल गेला. बाई रोज रात्री जेवणानंतर दिव्याखाली बसून चारही नखं व्हर्नियर मोजपट्टीनं मोजायच्या आणि वहीत तारखेनिशी लिहायच्या. पॉलिशपेपरानं घासून दीडवर आणायच्या. नवरा चार आठवडे हे वर्तमानपत्रावरून पाहत होता. पाचव्या आठवड्यात त्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"ऑफिसात कुणाशी भांडण झालंय का तुझं?"

"नाही. का हो?"

"नाही, म्हणजे..." तो जपून म्हणाला, "धार लावताना दिसतेस रोज."

कारखान्यात मात्र कुणी काही बोललं नाही, आणि हेच बाईंना सर्वांत संशयास्पद वाटत होतं. त्या आता दुसऱ्यांची नखं डाव्या हातानं तपासायच्या. उजवा हात कोटाच्या खिशात. आत जाताना सर्वांच्या आधी हातमोजे चढवायच्या. आत त्यांचं काम फक्त हवेत जंतू आहेत का ते पाहायला काचेच्या बश्या मांडून ठेवायचं आणि उचलून आणायचं; औषधाच्या यंत्राजवळ त्या आता फिरकतही नव्हत्या. बश्यांत एकही जंतू उगवला नव्हता, हे त्यांनी प्रत्येक बशी तीनदा पाहून पक्कं केलं होतं. सद्सद्विवेकबुद्धीची तपासणी याहून काटेकोर करता येत नाही. तरी ती दर वेळी नापास यायची.

आणि हातमोजे फाटायचे.

बाहेर आल्यावर काढलेला प्रत्येक हातमोजा पाण्यानं भरून गळतो का ते पाहायचं, हा नियमही बाईंनीच घातलेला. पूर्वी शंभरात दोन गळायचे. पहिल्या महिन्यात पाच गळले. दुसऱ्या महिन्यात नऊ. त्याचा आलेखही बाईंच्याच विभागात काढत, आणि तो भिंतीवर लावायची कल्पनाही, दुर्दैवानं, बाईंचीच होती. रेघ अशी चढत होती की वाटावं, कारखाना प्रगती करतो आहे.

मोठ्या साहेबांनी बैठक बोलावली. "हे गंभीर आहे," ते म्हणाले. "तपास समिती नेमतो. अध्यक्ष अर्थातच बाई. यांच्याइतकी बारीक नजर कुणाची नाही."

बाईंनी खिशातल्या हाताची मूठ वळली. तीन नखं तळव्यात रुतली, अंगठ्याचं बोटावर.

समितीत दुसरा एकच सदस्य, पॅकिंगचा मुकादम. हा जाडजूड, मिशाळ माणूस पूर्वी निर्जंतुक खोलीत होता आणि एका वर्षात तीनदा बाईंनी त्याला दारातून परत पाठवलं होतं. तेव्हापासून तो बाईंशी फार अदबीनं वागायचा. इतकी अदब बाईंना कधीच पचली नाही.

मुकादमानं फाटके हातमोजे गोळा करून टेबलावर ओळीनं मांडले. मग खुर्ची ओढून समोर बसला आणि पंधरा मिनिटं नुसता बघत राहिला.

"बाई, एक गंमत बघितलीत का?"

"कसली?"

"सगळे उजव्या हाताचे आहेत. अंगठा फाटतो, पहिलं बोट फाटतं, मधलं फाटतं, त्याच्या शेजारचं फाटतं. करंगळी एकाचीही फाटलेली नाही." त्यानं मान हलवली. "या माणसाची करंगळी भलतीच सोज्वळ दिसते."

"माल सदोष असेल," बाई म्हणाल्या. म्हणाल्या आणि त्यांना स्वतःच्या आवाजाचा संशय आला. पुराव्यावाचून त्यांनी आयुष्यात काढलेला तो पहिला निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष तोंडातून निघाला आणि साहेबांच्या कानी गेला. दोन दिवसांत हातमोजेवाल्याला कडक पत्र गेलं, तिसऱ्या दिवशी गोदामातले चाळीस खोके लाल चिठ्ठ्या लावून बाजूला काढले, आणि चौथ्या दिवशी स्वतः हातमोजेवाला बादली घेऊन हजर झाला. काटकुळा, मान जरा पुढे आलेला माणूस. कारखाना सुरू झाल्यापासून हातमोजे तोच पुरवायचा. त्यानं साहेबांच्या खोलीत लाल चिठ्ठीचा एक खोका फोडला, हाताला येईल तो हातमोजा उचलला, पाण्यानं भरला, गाठ मारली आणि हात लांब करून धरून उभा राहिला. एक थेंब गळेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. साहेब म्हणाले, "ठीक आहे, ठेवा आता." तो ठेवेना.

"अर्धा तास धरतो साहेब. नियम पाच मिनिटांचा आहे, मी अर्धा तास धरतो." त्याचा दंड थरथरत होता. "तुमच्या मागणीवर माझी दोन यंत्रं चालतात. तुम्ही परत पाठवलंत हे कळलं की दुसरीकडचेही परत पाठवतील. बाई, तुम्ही इतकी वर्षं माझा माल बघताय. तुम्हीच सांगा, यात खोट आहे?"

बाईंनी खिशातला हात आणखी खोल घातला. निर्णय सोमवारी, अहवाल आल्यावर, असं साहेबांनी सांगितलं. अहवाल बाईंनी लिहायचा होता.

शनिवारी संध्याकाळी बाई मास्तरांकडे गेल्या, त्या शिकायला नव्हे. "नखं नसतील तर वाजतच नाही का?" त्यांनी उभ्याउभ्या विचारलं.

"वाजतं की, काकू. बोटाच्या गरानं वाजवतात पुष्कळ जण. आवाज जरा मऊ येतो."

"मग दीड मिलिमीटर कुठून आलं?"

 मास्तर पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही आकडा मागितलात. नाही म्हणायची भीती वाटली."

बाई एकोणीस वर्षं आकडे मागत होत्या. त्यांतले किती आकडे लोकांनी असेच खिडकीबाहेर बघून दिले असतील, या विचारानं त्यांना रविवारचं जेवण गेलं नाही.

सोमवारी सकाळी अहवाल साहेबांच्या टेबलावर होता. एक पान. 'निरीक्षण: हातमोजे सदोष नाहीत. कारण: तपास समितीच्या अध्यक्षांची उजव्या हाताची चार नखं, सरासरी लांबी दीड मिलिमीटर. नखं वाढवण्याचं प्रयोजन: गिटार. मोजमापांची वही सोबत जोडली आहे.'

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. दार लावून घेतलं.

"बाई, कुणाला वाचवताय?"

"कुणाला नाही. हे पाहा." बाईंनी हात पुढे केला.

साहेबांनी नखांकडे पाहिलंही नाही. "नखं काय, चार आठवड्यांत कुणीही वाढवेल. त्या हातमोजेवाल्याची दया आली तुम्हाला, हे मला तेव्हाच दिसलं. पण म्हणून स्वतःवर ओढून घ्यायचं? आणि कारण तरी पटेलसं द्यायचं. तुम्ही आणि गिटार."

बाईंना आयुष्यात बरेच अपमान सोसावे लागले होते, पण कबुली खोटी ठरण्याचा अपमान नवा होता. "मी वाजवते," त्या म्हणाल्या.

"पुरावा?" साहेब म्हणाले. हा शब्द ते बाईंकडूनच शिकले होते.

"आणते उद्या."

मंगळवारी कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्यानं गिटार अडवलं. आत येणाऱ्या वस्तूच्या छापील फॉर्मवर चारच रकाने होते: यंत्र, सुटा भाग, नमुना, भंगार.

"यात काय लिहू?"

"गिटार लिहा."

"रकाना नाही. वाजतं का?"

"वाजतं."

"मग भंगार नाही. परत बाहेर जाणार की आतच राहणार?"

"संध्याकाळी बाहेर नेणार."

"कशाला आणलंय पण?"

"पुरावा म्हणून."

पहारेकऱ्यानं बाईंकडे नीट पाहिलं, टोपी सरळ केली आणि लिहिलं: 'नमुना. एक नग. लाकडी. तपासणीसाठी.' त्यामुळे गिटार आधी नमुना स्वीकृती विभागात गेलं आणि तिथे त्याला नंबर मिळेपर्यंत तास गेला. बैठकीच्या खोलीत ते पोचलं तेव्हा गळ्यात चिठ्ठी होती.

खोलीत साहेब, मुकादम आणि हातमोजेवाला. बाई खुर्चीवर बसल्या. चांगलं वाजलं, तर एकोणीस वर्षं लोकांना दारातून परत पाठवणाऱ्या बाईंनी स्वतःच नियम मोडला हे सिद्ध. वाईट वाजलं, तर बाई खोटं बोलल्या हे सिद्ध, आणि समोरच्या माणसाची दोन यंत्रं बंद. इतका बिनतोड पेच बाईंनी कुणासाठीही मांडला नव्हता. दुसऱ्यासाठी मांडला असता तर त्यांना त्याचं कौतुक वाटलं असतं.

बाईंनी सुरुवात केली. अंगठा चालू लागला. पहिलं घर, दुसरं, तिसरं. साहेब मागे रेलले. सातव्या घराला हातमोजेवाल्याचा पाय हलायला लागला आणि त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं होऊन थांबला. नववं. दहावं.

अकराव्यात डावं बोट चुकलं.

तार नुसतीच खर्रकन वाजली. बाईंचा हात सवयीनं उचलला जाणार होता. नमुना बिघडला होता. फेकून द्यायचा आणि नवा घ्यायचा. पण समोर तो माणूस हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता, आणि परत पहिल्यापासून सुरू केलं तर साहेब 'झालं, कळलं' म्हणून उठतील, हे दिसत होतं. बाईंनी अंगठा थांबू दिला नाही. चूक तशीच मागे पडली आणि अंगठा तिच्यावरून चालत बाराव्या घरात गेला.

बारावं घर बाईंनीही पहिल्यांदाच ऐकलं. ते बरं होतं. तेराव्यात आणखी एक चूक झाली, पंधराव्यात अर्धी. सोळावं संपलं.

"येतं," मुकादम म्हणाला. "फार नाही, पण येतं. हे चार आठवड्यांचं काम नव्हे, साहेब. माझा मेव्हणा तीन महिने शिकला, त्याला याच्या निम्मंही येत नाही. गुन्हा शाबीत आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग चाळीस खोक्यांवरच्या लाल चिठ्ठ्या काढायच्या कागदावर सही केली आणि बाईंकडे न बघता विचारलं, "नियम काय सांगतो, बाई?"

"दाराशी, साक्षीदारासमोर," बाई म्हणाल्या.

साक्षीदार म्हणून मुकादम आला. नेलकटरची साखळी आखूड होती. बाईंना जरा वाकावं लागलं. इतकी वर्षं लोकांना ते वाकून वापरावं लागतं, हे दाराच्या त्या बाजूला उभं राहून कधी लक्षात आलं नव्हतं. अंगठा झाला. पहिलं बोट झालं. मुकादम रजिस्टर छातीशी धरून मोजत होता, आणि त्याच्या मिशीत हसू आहे की काय, हे बाईंना काही केल्या ठरवता येईना.

तिसऱ्या नखाला तो म्हणाला, "एक राहू दे की बाई. अर्ध्या मिलिमीटरवर."

"मला फशी पाडताय का तुम्ही?"

"नाही हो. आता याच्यापुढे वाजणार कसं?"

"मास्तर म्हणतात वाजतं. गरानं." बाईंनी चौथं नख कापलं. "पण त्यांच्या शब्दावर माझा विश्वास राहिलेला नाही. तपासून बघावं लागेल."

"मग बघा की. नमुना संध्याकाळपर्यंत आत आहेच."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. पाळी बदलायला वीस मिनिटं होती आणि बोळात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी गिटार आणलं, बूट बदलायच्या बाकावर बसल्या आणि पहिल्या घरापासून वाजवायला लागल्या. आवाज मऊ होता. पलीकडच्या खोलीतून यावा तसा. अकराव्यात चूक झाली, तिच्यावरून त्या पुढे गेल्या. मुकादम पेन उघडून उभा होता. सोळावं घर संपल्यावर त्यानं नोंद केली, सही केली, रजिस्टर बाईंपुढे धरलं आणि पॅकिंगकडे निघून गेला.

तारीख, वेळ, नाव, नखं कापली, चार नग. शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात गेली एकोणीस वर्षं बाईंच्या अक्षरात 'योग्य' किंवा 'अयोग्य' यापलीकडे काही नव्हतं. तिथे मुकादमानं वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'नखांपेक्षा बरं.'

बाईंनी ते चारदा वाचलं. हा माणूस तीनदा परत पाठवल्याचा सूड घेतो आहे की खरंच सांगतो आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं नाही. म्हणून मग त्यांनी बुधवारी त्याला मधल्या सुट्टीत परत बोलावलं, आणि गुरुवारीही. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो.